मुंबईचा खडक वाचायला शिकूया: डायनासोर नुकतेच संपले तेव्हाचा किनारा

अंधेरीतला गिल्बर्ट हिलचा काळा सुळका पाहून उतरणारी मुलं हमखास एकच प्रश्न विचारतात: "ताई, इथे डायनासोर होते ना?" आठ-नऊ वर्षं मी मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना मुंबईतले खडक दाखवायला नेते आहे आणि दर वेळी खरं तेच सांगते. मुंबईत डायनासोरचं हाड मिळायचं नाही. इथे उघड्यावर दिसणारा बराचसा दगड डायनासोर नाहीसे झाल्यानंतरचा आहे. पण ते गेल्यानंतर या किनाऱ्यावर काय उरलं, तळ्यात कोण पोहत होतं, लाव्हा थंडावल्यावर पहिलं काय उगवलं, याचा पुरावा आपल्या पायाखाली आहे. तो कुठे आणि कसा पाहायचा, हे इथे क्रमानं लिहिते. चार-पाच सकाळी पुरतात. त्या लागोपाठच्या असायला हव्यात असं नाही.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (दागिन्यांचे कारागीर वापरतात तसलं छोटं, दुमडणारं), वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, पकड घेणारे जुने बूट आणि मोबाईल. हातोडी घरी ठेवा. या सगळ्या वाटेवर तिचा एकदाही उपयोग नाही.

पायरी १: काळाची फूटपट्टी डोक्यात बसवा

"सहा कोटी वर्षं" हे शब्द कानावरून जातात, मनात बसत नाहीत. म्हणून मी चर्चगेट-विरार लोकलची फूटपट्टी वापरते. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षं धरा, म्हणजे एक मीटर झाला हजार वर्षांचा. चर्चगेटच्या बफरला टेकून उभे राहा. तो आजचा दिवस.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक दीड वितीवर. कान्हेरीची सर्वांत जुनी लेणी दोन मीटरवर, म्हणजे अजून तुम्ही पहिल्या डब्याच्या दारातच आहात. आपली मनुष्यजात सुमारे तीनशे मीटरवर सुरू होते, मरीन लाइन्स यायला अजून वेळ आहे. मग दादर, अंधेरी, बोरिवली, भाईंदरची खाडी सगळं मागे टाकत जायचं. विरार येता येता मुंबईचा लाव्हा भेटतो. डायनासोरांचा शेवट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे विरारच्याही पुढे सहा किलोमीटर, वैतरणा स्टेशनच्या अलीकडे. आणि पहिले डायनासोर? ते साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे गाडी पार गुजरातेत, नवसारी-सुरतेच्या पट्ट्यात पोचलेली असते.

विरार ते वैतरणा हा तुकडा लक्षात ठेवा. आपला सगळा विषय त्यात आहे.

पायरी २: आधी घाट, मग शहर

पुण्याच्या किंवा नाशिकच्या गाडीत खिडकीची जागा धरा. कर्जतच्या पुढे किंवा कसाऱ्याच्या वर डोंगराच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात: काळा कडा, त्याखाली उतार, पुन्हा काळा कडा. जिन्याच्या पायऱ्यांसारखे. प्रत्येक कडा म्हणजे लाव्ह्याचा एक किंवा अनेक थर. मधूनच विटकरी लाल पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी जो काळ गेला त्यात झिजलेली माती-राख ती, वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजून निघालेली. म्हणजे ज्वालामुखी सतत ओकत नव्हता. मध्ये उसंत होती, आणि जीवाश्म मिळतात ते याच उसंतीतले.

हा सगळा दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घाटाच्या भागात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. कळसूबाईचं १,६४६ मीटरचं शिखर म्हणजेही थरावर चढलेले थर. या लाव्ह्याचा मोठा भाग ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे बाहेर पडला. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आशियाला येऊन चिकटायला अजून बराच अवकाश होता.

घाटात हे थर जवळपास आडवे आहेत. पनवेलच्या रेषेपाशी मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला वाकतात. गालिच्याची कड जिन्यावरून खाली सोडावी तसे. मुंबई या वाकलेल्या कडेवर आहे. म्हणूनच इथले थर समुद्राकडे कललेले दिसतात, आणि म्हणूनच घाटमाथ्यापेक्षा तरुण खडक इथे समुद्रसपाटीला येऊन बसला आहे. याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारताच्या पश्चिम कडेपासून तुटून दूर जात होता. त्या ओढाताणीत ही कड ताणली गेली, खचली आणि तिच्यातून पुन्हा लाव्हा वर आला.

पायरी ३: फोर्टमधल्या भिंती

दगड ओळखायला शिकायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे फोर्ट. दगड कापलेला, स्वच्छ आणि डोळ्यांच्या उंचीवर असतो. पावसाळ्यात तर हीच एक पायरी करता येते.

राजाबाई टॉवरपासून सुरुवात करा. ओव्हल मैदानाच्या बाजूनं सकाळी सावलीत उभं राहिलं की कुर्ल्याच्या दगडाचा फिका, तांबूस-पिवळा रंग नीट दिसतो. तिथून डेव्हिड ससून ग्रंथालयाकडे चालत या. तो मालाडचा पिवळसर दगड. पुढे गेटवे ऑफ इंडिया, १९२४ सालचा, तोही पिवळसर दगडाचा. आता फूटपाथचा काळा दगड पाहा. तो नेहमीचा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण.

भिंग भिंतीला लावा आणि डोळा भिंगाला. काळ्या दगडात कण जवळजवळ दिसतच नाहीत, कारण लाव्हा लवकर थंडावला. पिवळ्या दगडात फिके कण, मधूनच कोनदार तुकडे, कधी मऊसर राखेसारखा पोत दिसतो. काळ्या लाव्ह्यापेक्षा यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त. असा शिलारस दाट असतो. त्यात वायू कोंडतो आणि तो फुटतो तेव्हा राख आणि तुकडे उडतात. घाटात जवळजवळ सगळा काळा दगड, आणि मुंबईत मात्र मालाड, कुर्ला, मनोरी, साकीनाका इथे हे फिके दगड. शहराचा ज्वालामुखी घाटापेक्षा वेगळ्या स्वभावाचा होता, हे दोन इमारतींमधल्या पाच मिनिटांच्या चालीत कळतं.

मनोरी आणि साकीनाक्याच्या फिक्या दगडांचं वय किरणोत्साराच्या पद्धतीनं काढलेलं आहे: अनुक्रमे सुमारे ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख वर्षं. डायनासोर जाऊन चाळीस ते पंचावन्न लाख वर्षं झाली होती. लोकलच्या हिशेबात विरारच्या फलाटावर.

फोर्टमध्ये आणखी एक दगड भेटेल. मलईच्या रंगाचा, कोरीवकामाला वापरलेला, पोरबंदरहून आणलेला चुनखडक. भिंगाखाली त्याचे कण गोल-लांबट दिसतात, रव्यासारखे. त्यांतले बरेचसे समुद्रातल्या एकपेशीय जिवांची कवचं आहेत. हा दगड डायनासोरांच्या खूप नंतरचा, फूटपट्टीवर चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावरचा. पण जीवाश्म दिसायला कसा असतो, याचा पहिला धडा म्हणून मी मुलांना इथेच थांबवते. नखानं खरवडू नका, फक्त पाहा.

पायरी ४: गिल्बर्ट हिल

अंधेरी पश्चिमेला स्टेशनपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे आणि खडकात पायऱ्या आहेत. सुमारे ६० मीटर उंचीचा हा काळा सुळका एकेकाळच्या मोठ्या टेकडीचा उरलेला भाग आहे. बाकीचा दगड खाणवाल्यांनी नेला. २००७ साली महापालिकेनं त्याला वारसा दर्जा दिला.

लोक थेट वर जातात. आधी खालून पाहा. सुळक्याच्या अंगावर उभ्या रेघा दिसतील, एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या पेन्सिलींसारख्या. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. तळ्यातला चिखल वाळल्यावर जशा फरशा पडतात तशाच या, फक्त चिखलाच्या भेगा बोटभर खोल असतात आणि लाव्ह्याच्या भेगा थंडावा जसजसा आत शिरतो तसतशा आत जात राहतात. म्हणून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. थंड होणाऱ्या पृष्ठभागाला ते काटकोनात उभे राहतात. एवढं एक लक्षात ठेवलं तर पुढे कुठेही खांब दिसले की लाव्हा कुठून थंड झाला ते सांगता येतं. उभे खांब असतील तर वरून-खालून, आडवे असतील तर भेगेच्या दोन्ही भिंतींकडून.

असे खांब अमेरिकेत डेव्हिल्स टॉवर आणि डेव्हिल्स पोस्टपाइल इथे पाहायला लोक लांबून जातात. आपल्याकडे ते वस्तीच्या मधोमध आहेत. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत असतात.

वयाबद्दल एक दुरुस्ती आवर्जून करते. गिल्बर्ट हिल ६.६ कोटी वर्षांची, डायनासोरांच्या शेवटाची साक्षीदार, असं फलकांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. दगडाचं प्रत्यक्ष वय मोजलं गेलं तेव्हा ते सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं निघालं, बारा लाख वर्षं इकडे-तिकडे. हे वय मनोरीच्या दगडाशी जुळतं. डायनासोर तिनं पाहिले नाहीत. एवढ्यानं तिचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. दख्खनचा ज्वालामुखी घाटात शांत झाल्यावरही किनाऱ्यावर जागा होता, हे सांगणाऱ्या मोजक्या दगडांपैकी ती एक आहे.

खाली झोपड्या आणि इमारती अगदी खेटून आहेत. कड्याच्या बुडाशी पावसाळ्यात जाऊ नका, आणि लोकांच्या दारातून जाताना विचारून जा. एका काकूंनी आम्हांला त्यांच्या मोरीच्या मागच्या भिंतीतला एक अख्खा षटकोनी खांब दाखवला होता. त्यावर त्या रोज कपडे आपटतात.

पायरी ५: ओहोटीचं गणित

आता किनारा. वांद्र्याचं बँडस्टँड, मढ, मनोरी, उत्तन. समुद्र हटला की इथला खडक उघडा पडतो. पण हटला की! ओहोटी न पाहता गेलेला माणूस पाणीच पाहून येतो.

भरती-ओहोटीचे तक्ते मोबाईलवर मिळतात, ते पाहाच. पण कोकणातला जुना हिशेबही शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. द्वितीयेला दोनची पाऊणपट म्हणजे दीड, भरती दीडच्या सुमारास, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे साडेसातला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती सर्वांत चढते आणि ओहोटीही सर्वांत खोल जाते. म्हणून आमचा ठरलेला दिवस द्वितीया-तृतीयेचा. सकाळी सहाला किनाऱ्यावर, साडेआठला परत. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी अर्धवटच हटतं. मढला एकदा आम्ही अष्टमीला गेलो होतो. जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांनी सांगितलं, "ताई, आज भांग आहे. आज दगड पूर्ण उघडे पडायचे नाहीत, पुनवेनंतर या." त्यांनी पंचांग बघितलं नव्हतं.

नियम तीन. पाणी चढायला लागलं की निघायचं, "एकच फोटो" नाही. शेवाळ असलेल्या हिरव्या खडकावर पाऊल टाकायचं नाही. अनवाणी चालायचं नाही, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जून ते सप्टेंबर या पायरीला सुट्टी.

काय पाहायचं? आधी दूर उभं राहून थरांचा कल पाहा. मोबाईलची लांब कड थराच्या उताराला समांतर धरा, त्यातल्या लेव्हलच्या अॅपवर अंश दिसतात. वहीत लिहा: जागा, अंश, दिशा. तीन-चार किनाऱ्यांवर केलं की दिशा बहुतेक वेळा पश्चिमेकडची येते, आणि पनवेलचं ते वाकणं तुमच्या स्वतःच्या आकड्यांत उतरतं.

मग जवळ जा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं दिसतील. काही रिकामी, काही पांढऱ्या किंवा हिरवट खनिजांनी भरलेली. मालाड-कांदिवलीच्या खाणींतलं हिरवट प्रेहनाइट जगभरच्या संग्रहांत गेलं आहे. भोकं एका बाजूला ओढल्यासारखी लांबट असतील तर लाव्हा त्या दिशेनं वाहत होता. मुंबईच्या लाव्ह्याचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो ठिकठिकाणी पाण्यात ओतला गेला. गरम लाव्हा पाण्यात शिरला की त्याचे उशीसारखे गोल लोळे होतात आणि कडेची काच तडकून बारीक तुकडे पडतात. उशांचा ढीग रचल्यासारखा खडक, मधल्या फटींत मातकट-पिवळा भुगा, असं काही दिसलं तर थांबा. तिथे तेव्हा पाणी होतं.

महाकाली लेणी जवळ असतील त्यांनी तीही याच नजरेनं पाहावीत. तिथला दगड म्हणजे ज्वालामुखीच्या कोनदार तुकड्यांची चिक्की. लेण्यांच्या भिंती इतक्या का झिजल्या, ते हात न लावताही कळतं.

पायरी ६: वरळीचे बेडूक

ही पायरी डोळ्यांपेक्षा डोक्यानं करायची आहे, कारण जागा आता दिसत नाही. ती बांधकामांखाली गेली आहे.

मुंबई बेटाच्या पश्चिमेला मलबार हिल ते वरळी असा काळ्या दगडाचा कणा आहे. त्या काळ्या दगडाच्या खाली गाळाचा एक थर आहे: काळसर, पातळ पापुद्र्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वरळीच्या टेकडीपाशी त्या थरात बेडकांचे सांगाडे सापडले. एक-दोन नव्हे, बरेच. ते लंडनला गेले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. "डायनासोर" हे नाव ज्यांनी १८४२ साली दिलं, तेच हे ओवेन. महाकाय सरड्यांना नाव देणाऱ्या माणसानं पाचच वर्षांनी वरळीच्या बेडकाला "पुसिला", म्हणजे चिमुकला, असं नाव दिलं. पुढे १९३० साली त्याला स्वतंत्र वंशनाव मिळालं, आणि आज तो इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणून ओळखला जातो.

त्याच थरांतून कासव मिळालं. मुंबईत राहणारे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लिहिलं आणि या कासवाला मुंबईतलेच डॉक्टर लीथ यांचं नाव दिलं. दीडशे वर्षांनी, २००३ साली, अंबोलीच्या खाणीतून मिळालेल्या आणखी एका कासवाचं वर्णन झालं: संकुकेमिस सेठनाई. मुंबईच्या खडकांवर आयुष्यभर काम केलेल्या भूवैज्ञानिक सेठना यांच्या नावावरून. ही कासवं मान आत ओढत नाहीत, ती आडवी दुमडतात. असल्या कासवांचे नातलग आज आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिकेत आहेत, भारतात नाहीत. अंबोलीची ती खाण म्हणजे आपल्या अंधेरी-जोगेश्वरीच्या मधली अंबोली, सावंतवाडीजवळचं आंबोली नव्हे.

आता हा थर वाचायचा कसा?

बेडकापासून सुरू करा. बेडकाची कातडी खारं पाणी सोसत नाही, म्हणजे तळं गोडं होतं. त्याच थरात शिंपल्यासारख्या दुहेरी कवचातले सूक्ष्म जीव मिळतात, तेही गोड्या पाण्याशी जुळणारे. बेडकाची हाडं काडीसारखी नाजूक, वाहत्या पाण्यात ती विखुरतात. सांगाडे सांगाड्यासारखे राहिले, म्हणजे पाणी संथ होतं आणि गाळ अतिशय बारीक. गाळ काळा, म्हणजे सडलेलं झाडपाल्याचं द्रव्य भरपूर आणि तळाशी प्राणवायू कमी. अंबोली-जोगेश्वरीच्या थरांतल्या परागकणांवरून २००५ साली झालेल्या अभ्यासानं हा किनाऱ्यालगतचा दलदलीचा भाग ठरवला. सगळं एकत्र केलं की चित्र दिसायला लागतं: समुद्र जवळ, पण वाळूच्या किंवा लाव्ह्याच्या बांधापलीकडे, आत संथ, काळ्या पाण्याची डबकी, काठाला झाडोरा, पाण्यात चिमुकले बेडूक आणि मान दुमडणारी कासवं, आणि दूर कुठेतरी, पुन्हा पेटण्याच्या बेतात असलेला ज्वालामुखी. नंतर लाव्हा आला, तळ्यावर झाकण बसलं.

वयाबद्दल इथे दोन मतं आहेत आणि दोन्ही वाचकाला माहीत असावीत. कासवाचं वर्णन करणाऱ्यांनी २००३ साली हा थर डायनासोरांच्या अखेरच्या काळातला मानला. परागकणांच्या अभ्यासानं तो त्यांच्या अंतानंतरचा ठरवला. मला दुसरं मत अधिक पटतं, कारण आसपासच्या लाव्ह्याची वयंही तिकडेच बोट दाखवतात. म्हणजे डायनासोर ज्या संकटात गेले त्यातून तरलेल्यांची ही वस्ती. बेडूक आणि कासवं तरली, हे जगभरच्या खडकांतून कळतं. आपल्याकडे ते वरळीत लिहिलेलं आहे.

प्रत्यक्ष थर पाहायची एक शक्यता उरते. मध्य मुंबईत उंच इमारतीचा पाया घेण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून दगडाची नळी काढतात आणि ती लाकडी पेट्यांत क्रमानं मांडतात. बांधकामातला कोणी ओळखीचा इंजिनिअर असेल तर त्याला विचारा. मला एकदा अशी पेटी पाहायला मिळाली. वरचे तीन खण काळ्या, वजनदार बेसॉल्टचे, आणि मग एकाएकी राखाडी-काळी नळी, बोटानं ढकलली तर खारी बिस्किटासारखी पापुद्रे सुटणारी. एका पापुद्र्यावर काडीचा कोळशासारखा ठसा होता, दोन इंच लांब, त्यावर बारीक उभ्या रेषा. मी तो तुकडा मागून घेतला आणि कागदात गुंडाळून घरी आणला. त्या पापुद्र्यांच्या दगडातलं पाणी हळूहळू उडून गेलं, आणि दोन महिन्यांनी कागद उघडला तेव्हा आत भुगा होता. फोटो काढला नव्हता, खोली लिहून घेतली नव्हती. त्या काडीबद्दल आज मी कोणाला काहीही सिद्ध करून दाखवू शकत नाही. पुढची पायरी मी त्या तुकड्यामुळे लिहिते आहे.

पायरी ७: खोटे जीवाश्म आणि खरा सापडलाच तर

मला दर महिन्याला "अंडं सापडलं" असे फोटो येतात. बहुतेक वेळा तो बेसॉल्ट असतो. हा दगड झिजताना कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो आणि आत गोल गोळा राहतो. मुरमाच्या कुठल्याही खाणीत असे शेकडो दिसतात. दुसरा चकवा म्हणजे दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी. ते मँगनीज, पाण्यातून झिरपून फांद्या-फांद्यांनी बसलेलं. खरं पान दोन पापुद्र्यांच्या मध्ये सपाट असतं आणि त्याला मध्यशीर असते. नक्षी भेगेच्या मागे मागे जाते. तिसरा चकवा म्हणजे लाव्ह्यातल्या नळीसारख्या लांब पोकळ्या, देठ वाटतात. खुद्द लाव्ह्यात जीव टिकत नाही. जीवाश्म शोधायचा तो गाळाच्या थरात.

आणि चिखलात मिळालेलं सगळं प्राचीन नसतं. एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्रपातळीच्या खाली खैराची झाडं गाडलेली सापडली. जमीन-समुद्राची पातळी बदलल्याचा तो सुरेख पुरावा, पण फूटपट्टीवर तो चर्चगेटच्या फलाटावरच.

खरंच काही वाटलं तर उपटू नका. शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक लांबून, एक आजूबाजूचा थर दिसेल असा. मोबाईलवरचं ठिकाण नोंदवा. खाली कुठला दगड, वर कुठला, हे लिहा. सैल होऊन पडलेला तुकडा असेल आणि जागा खणली जात असेल तरच उचला, ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, तारीख लिहा. मग भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयात किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दाखवा. त्यांचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि लेण्यांच्या आवारातून खडासुद्धा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे.

पायरी ८: डायनासोरच हवे असतील तर

मग विदर्भाची गाडी धरा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या थरांवर लाव्हा नंतर आला, म्हणून तिथे डायनासोरांची हाडं मिळतात आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, काही भाताच्या कुळाशी नातं सांगणारे. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच ही समजूत मोडली. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला अंड्यांची घरटी जागेवर पाहता येतात. राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर तिथलाच.

पिसदुऱ्याला जायचं तर पीक निघाल्यावर, उन्हं कडक होण्याआधी. जमीन शेतकऱ्यांची आहे. बांधावर उभं राहून आधी हाक द्या, कोणाचं शेत ते विचारा आणि त्यांच्याबरोबरच आत जा. कुठल्या कोपऱ्यात नांगराला दगड लागतात, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.